धनी नसलेल्याचा वैद्य

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात मांजरसुंब्याचा घाट येतो. त्याच परिसरात, बालाघाटाच्या एका दरीत, कपिलधार आहे. पावसाळ्यात कड्यावरून पाण्याची धार खाली कुंडात कोसळते. जवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहून वीरशैव विचार सामान्य माणसाच्या दारी नेणारे हे सत्पुरुष. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून भाविक येथे येतात. हे सारे आपणां श्रोत्यांना ठाऊक आहेच. मला आज बोलायचे आहे ते यात्रेकरूंविषयी नव्हे; त्या दरीच्या आसपास राहणाऱ्या आणि यात्रेच्या गर्दीत सहसा नजरेस न पडणाऱ्या मंडळींविषयी.

मोटारी येण्यापूर्वी अशा यात्रा बैलगाडीने होत. वाटेत बैल लंगडू लागला तर गाडी थांबे. जवळच्या गावात कोणीतरी जाणता असायचाच. तो खूर उचलून पाही, काटा काढी, हळद भरी, आणि फारच झाले तर डाग देई. इलाज बरोबर होता की चूक, हा प्रश्न वेगळा. बैलाला इलाज होता एवढे खरे, आणि तो होता याचे कारण बैलाला धनी होता. आता त्याच डोंगराच्या उतारावर एखादा चिंकारा कुंपणाच्या तारेत पाय मोडून घेतो. एखादी लांडगीण कठडा नसलेल्या विहिरीत पडते. एखादा मोर विजेच्या तारेवर आदळतो. यांचा धनी कोण? आणि ज्याला धनी नाही त्याला वैद्य कोठून यावा?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जनावरांच्या वैद्यकाचा आपला इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही वाटतो. पण तो इतिहास जरा निरखून पाहिला तर काय दिसते? तो बहुतेक सगळा धन्यांच्या जनावरांचा इतिहास आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र घ्या. त्यात घोड्यांवर एक अध्यक्ष आहे, हत्तींवर दुसरा आहे, आणि दोघांच्या हाताखाली चिकित्सक आहेत. औषधोपचारात हयगय होऊन घोड्याचा रोग बळावला, तर उपचाराला येईल त्याच्या दुप्पट दंड. वैद्याच्या चुकीने घोडा दगावला तर घोड्याची सगळी किंमत दंड! गाईबैल, उंट, म्हशी, शेळ्यामेंढ्या यांनाही हाच नियम लागू. म्हणजे वैद्याची जबाबदारी मोजायची ती जनावराच्या मोलाने. ज्याला मोल नाही त्याच्यासाठी दंड नाही, आणि म्हणून वैद्यही नाही. संस्कृत भाषेतच पाहा ना. ग्रामातले पशू वेगळे आणि अरण्यातले वेगळे, असा भेद वैदिक वाङ्मयापासून चालत आला. अरण्यातल्याला ‘मृग’ म्हणायचे, आणि त्या शब्दाला लागूनच ‘मृगया’ हा शब्द उभा आहे. गावातल्या जनावराच्या दारी वैद्य येतो, रानातल्याच्या दारी शिकारी येतो.

अशोकाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने दुसऱ्या शिलालेखात, माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा आपण ठिकठिकाणी सुरू केली, औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यावर विहिरी खोदल्या, असे कोरून ठेवले. (आपल्याकडे सोपाऱ्यास अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले, ते आठव्या आणि नवव्या लेखाचे. हा दुसरा लेख पाहायचा तर गिरनारला जावे लागते.) यालाच कोणी जगातले पहिले पशुरुग्णालय म्हणतात. इमारत होती, खाटा होत्या, असे काही त्या लेखात नाही, तेव्हा आपण इतके पुढे जाऊ नये. परंतु पुढे एका स्तंभलेखात त्याने मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच दिली आहे आणि तीत रानातले जीव आहेत. औषध गावातल्यांना आणि अभय रानातल्यांना, अशी ही वाटणी होती. अभय म्हणजे उपचार नव्हे, पण ज्याला धनी नाही त्याच्यासाठी राजाने काही शब्द खर्च केले ही गोष्ट लहान नाही.

आणि एक अपवाद आहे, मोठा गोड अपवाद. तो कथेतला आहे हे आधीच सांगतो. हत्तींच्या वैद्यकावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा प्राचीन ग्रंथ पालकाप्य मुनींच्या नावावर आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ साली छापला, म्हणजे त्याची पहिली छापील प्रत पुण्याची. त्यात अशी हकीकत आहे, की अंग देशाच्या रोमपाद राजाने रानातले हत्ती धरून आणले. पालकाप्य त्या कळपाबरोबर रानात राहणारा. तो एकदा परत आला तर कळप नाही! शोधीत शोधीत तो चंपानगरीस पोचला, तेव्हा ते हत्ती खुंटांना बांधलेले, जखमी आणि खंगलेले दिसले. त्याने कोणाशी चकार शब्द न बोलता त्यांच्या जखमांना औषध लावायला सुरुवात केली. राजाच्या माणसांनी विचारले तरी उत्तर दिले नाही. पुढे राजा स्वतः आला, त्याने विनवले, आणि मग जे प्रश्नोत्तर झाले तो हा ग्रंथ. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी त्याची चार स्थाने आहेत.

माझे विद्यार्थी ही कथा ऐकून म्हणतात, ‘सर, म्हणजे पालकाप्य पहिला वन्यजीव-वैद्य!’ मी त्यांना म्हणतो, थोडे थांबा. हत्ती रानात होते तोवर त्यांना औषधाची गरज पडल्याचे कथेत कोठेच नाही. जखमा झाल्या त्या धरल्यामुळे आणि बांधल्यामुळे. आणि वैद्याचे ज्ञान ग्रंथात उतरले ते राजाने विचारल्यावर. त्या कथेने एक कडू गोष्ट फार लवकर ओळखली होती: रानातल्या प्राण्याला माणसाचा वैद्य लागतो, तो पुष्कळदा माणसाचा हात लागल्यानंतर.

आपल्या भागापुरते बोलायचे, तर बीडचा हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्यांची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. हत्ती कोठे मिळतात, कसे धरावे, कसे जोपासावे, घोडे कसे राखावे, याची त्यात सविस्तर चर्चा आहे. आणि त्याच ग्रंथात शिकारीचे विनोदही तितक्याच आवडीने वर्णिले आहेत. एकाच राजाच्या एकाच पोथीत दोन्ही नांदतात, यात त्या राजाला काही विसंगत वाटले नाही. त्याच्या काळात कोणालाच वाटले नसते.

पुढे देवगिरीचे यादव झाले, बहामनी झाले, निजामशाही झाली. घोड्यांचे महत्त्व वाढतच गेले. शालिहोत्र हे अश्ववैद्यकाच्या आद्य आचार्याचे नाव इतके रूढ झाले, की हिंदी-उर्दूत घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणू लागले. पुण्याला सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. इंग्रज वकील मॅलेट याने तिथल्या माणसाळलेल्या हरणांची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच परिसरात १९५३ साली पेशवे उद्यानाचे प्राणिसंग्रहालय झाले आणि ते पुढे कात्रजला गेले. परंतु शिकारखाना म्हणजे दौलतीचा थाट. तिथला प्राणी रानातला असला तरी धनी श्रीमंत पेशवे.

इंग्रजी अमदानीत हा धागा तुटला नाही, फक्त धनी बदलला. सरकारला लष्करासाठी घोडे हवेत, ओझ्यासाठी हत्ती-खेचरे हवीत, सारा वसूल व्हायचा तर शेतकऱ्याचे बैल जगायला हवेत. मुंबईत मात्र दुसराही एक प्रवाह होता, भूतदयेचा. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली तिथे दंगा झाला आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी पांजरपोळ काढला. तिथे धनी नसलेले कुत्रेही आत घेतले जाई, हे ध्यानात ठेवण्याजोगे. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि तिथेच १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

त्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील. हा गृहस्थ मोठा उद्योगी. हत्तींचे रोग आणि निगा यांवर त्याने १८८५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. अर्थात सरकारी कामावरच्या हत्तींसाठी! त्याच वर्षी तो ब्रह्मदेशात खेचरांच्या एका साथीचा शोध घेत होता. पाच वर्षांपूर्वी, १८८० साली, ग्रिफिथ इव्हान्स याने डेरा इस्माईलखान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंतू पाहिले होते. ‘सर्रा’ या रोगाचे ते जंतू. स्टीलला तेच जंतू खेचरांत सापडले आणि त्याने त्यांना इव्हान्सचे नाव दिले. हा रोग गोमाश्यांच्या चाव्यातून एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो.

हे एवढे खोलात सांगण्याचे कारण आहे. बरोबर एकशे वीस वर्षांनी, जुलै २००० मध्ये, ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ थोड्या दिवसांत मेले. कारण निघाले तोच सर्रा. घोड्याचा आणि उंटाचा म्हणून ओळखला गेलेला रोग वाघाच्या पिंजऱ्यात शिरला. गोमाशीला पिंजऱ्याचा गज अडवत नाही, आणि कोणाला धनी आहे व कोणाला नाही हेही तिला कळत नाही.

प्राणिसंग्रहालयातल्या वैद्याचे कामच मोठे अवघड. मुंबईचा राणीचा बाग १८६२ साली लोकांना खुला झाला आणि १८९० च्या सुमारास त्यात प्राण्यांचा विभाग आला. त्या काळी वाघाला औषध द्यायचे तर मांसात घालून. इंजेक्शन द्यायचे तर ज्याची एक बाजू आत सरकते अशा पिंजऱ्यात त्याला घालून, चेपून धरून. रानटी प्राणी आपले दुखणे लपवतो. रानात दुखणे दाखवणे म्हणजे शत्रूला बोलावणे. म्हणून असा वैद्य प्राण्याकडे पाहतो त्याहून जास्त त्याच्या शेणाकडे, लेंड्यांकडे आणि काल किती खाल्ले या नोंदीकडे पाहतो. दोन दिवस वाघाने मांस अर्धे सोडले एवढीच काय ती तक्रार. बाकी सारे रोग्याने न सांगता ओळखायचे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे भाषण द्यायला तयार झालो तिच्याकडे येतो. ती बुळकांडीची.

आजच्या तरुण श्रोत्यांना हा शब्द ठाऊक नसेल आणि ते फार चांगले आहे. म्हाताऱ्यांना विचारा. जोराचा ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखा हगवणीचा लोंढा, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. एका गोठ्यात शिरली की गाव रिकामे करून जायची. मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढून नेण्यापलीकडे लोकांच्या हाती काही नसे. सरकारने गुरांच्या साथींवर एक कमिशन नेमले होते, त्याचे मुख्य दुखणे हेच. आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात या रोगांच्या अभ्यासासाठी एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. या संस्थेचे पहिले पाळणाघर पुणे, हे पुण्यातले लोकही विसरले आहेत!

मुक्तेश्वरला एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बकऱ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन या रोगाचा विषाणू सौम्य केला आणि त्याची लस केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बुळकांडी-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लस टोचणारी माणसे गावोगाव, वाडीवस्तीवर, तांड्यावर गेली. बाजाराच्या नाक्यांवर उभी राहिली. हे काम एका वर्षाचे नव्हते, एका पिढीचेही नव्हते. १९९५ नंतर भारतात बुळकांडीचा रोगी आढळला नाही. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला, आणि २०११ साली सगळे जगच मुक्त झाले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून कायमचा हाकललेला हा दुसरा रोग.

तुम्ही म्हणाल, यात रानटी प्राण्यांचा काय संबंध? तोच तर सांगायचा आहे. बुळकांडी गव्याला होई, चितळाला होई, सांबराला, नीलगाईला, रानडुकरालाही होई. १९६८ साली बंदीपूर-मदुमलईच्या रानात ती शिरली तेव्हा गव्यांचे कळपच्या कळप झोपले. रानात चरायला येणाऱ्या गुरांनी ती नेलेली असायची. आफ्रिकेत १८९० नंतर ती पसरली तेव्हा गुरांबरोबर रानम्हशी आणि हरणांच्या जाती लाखांनी मेल्या. तिथल्या सेरेंगेटीच्या माळावर वाइल्डबीस्ट नावाचे हरणवर्गातले दांडगे जनावर असते. १९६० च्या सुमारास ते अडीच लाखांच्या आसपास होते. भोवतालच्या मसाई लोकांच्या गुरांना लस टोचून बुळकांडी थांबवली आणि पंधरा-सोळा वर्षांत ते बारा लाखांच्या वर गेले. श्रोतेहो, यांतल्या एकाही वाइल्डबीस्टला कोणी सुई लावली नव्हती! सुई लागली ती धन्याच्या गाईला.

वन्य प्राण्यांवर माणसाने आजवर केलेला सर्वांत मोठा उपचार कोणता, असे मला विचाराल, तर मी हाच सांगेन. आणि तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण वन्य प्राण्यांचे वैद्य आहोत याची कल्पनाही नव्हती. मराठवाड्याच्या उन्हात सायकलवर लशीचा डबा बांधून फिरणारा, सरकारी दप्तरात ज्याचे पद अगदी खालच्या ओळीत लिहिलेले असे, असा कर्मचारी डोळ्यांपुढे आणा. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत हस्त्यायुर्वेदाला पान मिळते, त्या माणसाला ओळही मिळत नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

पण काळ बदलला आणि ज्याला धनी नाही त्याला प्रत्यक्ष हात लावून बरे करण्याची विद्याही आली. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक याने १९५० च्या दशकात औषधाची सुई लांबून मारणारी बंदूक तयार केली. सुरुवातीची औषधे मोठी क्रूर होती. जनावराचे स्नायू लुळे पडत पण शुद्ध तशीच राही. पुढे झायलाझिन, केटामिन अशी बरी औषधे आली. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, शिकार संपली. त्या कायद्याच्या ३९व्या कलमात एक मौज आहे. धरलेला, पाळलेला किंवा मेलेला सापडलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. रानात मोकळा फिरणाऱ्या जिवंत प्राण्याविषयी ते कलम असे काही म्हणत नाही. म्हणजे मेल्यावर त्याला धनी मिळतो! मात्र १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांच्या कर्तव्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे कर्तव्य आले, आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यावर प्राणिसंग्रहालयांत उपचाराची सोय ठेवणे बंधनकारक झाले. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ चे, म्हणजे त्या कायद्याचे जुळे भावंड. आणि दुष्काळाचेही.

बंदूक आली, औषध आले, कायदा आला, तरी प्रश्न संपला नाही. जुन्नरची गोष्ट सांगतो. तिथल्या उसात बिबटे राहू लागले. २००१ नंतर लोकांच्या दबावाने पिंजरे लावून पुष्कळ बिबटे धरले आणि त्यांतले काही दूरच्या रानांत नेऊन सोडले. धडधाकट जनावर, उपचारही नीट झालेला. वैद्याच्या हिशेबी सारे ठीक. पण पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसले, की जिथे हे बिबटे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात माणसांच्या गलक्याने बिथरलेला प्राणी हा जखम भरली तरी बरा झालेला नसतो. रोगी बरा करून घरी पाठवायचा असतो. इथे घरच चुकत होते. आता जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे केंद्र आहे. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी दोरांनी बाज खाली सोडतात, त्यावर तो टेकतो, मग पिंजरा किंवा शिडी. आणि शक्य तिथे त्याला त्याच्याच शिवारात सोडतात. ही रीत ग्रंथातून आली नाही, चुकांतून आली.

आपल्या जिल्ह्यालाही याची झळ लागली आहे. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी तालुक्यात आणि पुढे करमाळ्याकडे बिबट्याने माणसे मारली. बेशुद्ध करून धरण्याचे प्रयत्न झाले. अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्यापुढे चिकित्सेच्या इतिहासाचे प्रवचन करू नये, एवढी समज आपल्याला असावी. तरी त्या महिन्यात एक गोष्ट जाणवली. बेशुद्धीची सुई मारणे सिनेमात दिसते तसे नसते. जनावर जवळ हवे, उघड्यावर हवे, वजनाचा अंदाज अचूक हवा. शिवाय औषध लागायला काही मिनिटे जातात. तेवढ्यात ते तुरीत शिरले तर त्याच्यामागे कोण जाणार?

बिबट्यापेक्षा आपल्याकडे रोजचे रोगी निराळे. कपिलधारहून पश्चिमेला पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचे, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. तागडगावला सर्पराज्ञी या नावाने जखमी वन्य प्राण्यांचे केंद्र चालते. तिथे येणारे रोगी म्हणजे उन्हाने कोसळलेले मोर, तारेत फाटलेली हरणे, रस्त्यावर धडकलेली खोकडे. यांतल्या हरणांविषयी दोन शब्द सांगतो, कारण ते प्रत्येक शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे आहेत. हरणाचा पाठलाग करून, पकडून, दहा माणसांनी घेरून ठेवले, तर अंगावर ओरखडाही नसताना ते त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांनी मरते. लोक म्हणतात, ‘भ्यालं आन् मेलं.’ ते अगदी खोटे नाही. भीतीने आणि धावपळीने त्याचे स्नायू आतून विरघळू लागतात, लघवी काळपट लाल होते, मूत्रपिंडे थांबतात. एकदा हे सुरू झाले की मोठ्या वैद्याचाही इलाज क्वचित चालतो. म्हणून डोळ्यांवर फडके टाका, सावलीत ठेवा, गर्दी हटवा, तोंडात जबरीने पाणी ओतू नका, आणि वनखात्याला कळवा. तसेच, गवतात एकटे बसलेले पाडस दिसले तर उचलू नका. ते टाकलेले नसते. आई चरायला गेलेली असते.

आणि आता सर्वांत अवघड रोगी. माळावरचे लांडगे, कोल्हे आणि खोकड. यांची खरी दुखणी कुत्र्यांकडून येतात: पिसाळ रोग आणि ज्याला डिस्टेंपर म्हणतात तो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या एका भागात वीसहून अधिक सिंह गेले, त्यात डिस्टेंपरचा हात निघाला. आपल्या शेजारी, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, कुत्रे आणि खोकडांची रक्ततपासणी झाली. तिथल्या बहुतेक कुत्र्यांना असल्या रोगांची लागण कधी ना कधी झाल्याची साक्ष मिळाली, आणि खोकडांपर्यंतही ते पोचले होते.

मग बुळकांडीचाच उपाय का करू नये? गाईला टोचले आणि गवा वाचला, तसे कुत्र्याला टोचावे आणि लांडगा वाचवावा. कल्पना बिनतोड आहे. पण गाईला दावे होते आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला धनी होता. तो तिला धरून उभा राही, पुढच्या वर्षी पुन्हा आणी. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा त्याच्या हाकेला येईल, त्याला टोचता येईल, आणि तिथून सुरुवात करता येईल. उकिरड्यावरच्या कुत्रीला कोण धरणार? तिची वर्षाला दोनदा होणारी पिल्ले कोणाच्या वहीत मांडणार? मेंढपाळ मंडळी दिवाळीनंतर वाडे घेऊन बालाघाट उतरू लागतात. त्यांच्याबरोबर कुत्री असतात, आणि त्या वाटांवर लांडगेही असतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळ्यामेंढ्यांच्या लशीचे वेळापत्रक भिंतीला लावलेले असते. त्या कागदावर वाड्यावरच्या कुत्र्यांसाठी एक रकाना वाढवायला फार शाई लागणार नाही.